चातुर्मासात सोडलेला गाळा

गाळ्याची चावी संगिताच्या हातात दिली, त्याच्या दुसऱ्याच सकाळी अमृत सावे नेहमीच्या वेळी उठले, आंघोळ-देवपूजा उरकली, डोक्याला टोपी घातली आणि प्लॅस्टिकची एक खुर्ची उचलून रिक्षाची वाट बघत दारात उभे राहिले.

"अहो, खुर्ची कुठे चालली?" हिरकणीने तुळशीला पाणी घालता घालता विचारलं.

"डहाणूला. गाळ्यावर."

"गाळा तर काल दिला ना आपण भाड्याने?"

"दिला म्हणून काय झालं? वाडी मक्त्याने देतो तेव्हा राखण कोण करतं? मक्तेदार करतो का? आपणच करतो ना?"

हिरकणीला हे पटलं. तिने डब्यात दोन घावन आणि लोणचं भरून दिलं, आणि संध्याकाळी दिवेलागणीला आपणही येऊ असं सांगितलं.

चिखल्याच्या या सावे मंडळींना भाड्याने देणं म्हणजे काय, हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांची चिकूची वाडी तीन पिढ्या मक्त्याने जात होती. व्यापारी यायचा, झाडं बघायचा, पान-सुपारी व्हायची आणि हंगामाचा माल त्याचा व्हायचा. पण पाणी घालणं, कुंपण बघणं, वटवाघळं हाकलणं ही कामं मालकाचीच. दाराजवळच्या झाडांवरचे देवापुरते आणि घरापुरते चिकूही मालकाचेच. फळ दुसऱ्याचं असलं तरी झाड आपलं, तेव्हा झाडाखाली आपण बसलंच पाहिजे, हे अमृतकाकांच्या अंगात मुरलेलं होतं.

गाळा घ्यायचं डोक्यात घातलं ते दीपेशने. दीपेश हा त्यांच्या थोरल्या भावाचा मुलगा, बोईसरला एका बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचा. वाडीच्या मागचा खाडीकडचा तुकडा खाऱ्या पाण्याने नासला होता. तो विकून आलेल्या पैशांचं काय करायचं यावर घरात बरेच दिवस खल चालला. वाढवणच्या बंदराचं नाव घेत रोज एखादा एजंट यायचा आणि कुठल्यातरी माळरानाचा नकाशा पसरायचा.

"काका, पुढे भाव वाढेल म्हणून माळ घेऊन ठेवला, तर वाढेपर्यंत खाणार काय?" दीपेश म्हणाला होता. "दर महिन्याला भाडं येईल असं काहीतरी बघा."

"मग डहाणूला एखादा फ्लॅट घेऊ?"

"फ्लॅटला भाडेकरू लवकर मिळतो, पण किमतीच्या मानाने भाडं थोडं. दुकानाला भाडं बरं येतं, पण एकदा रिकामं पडलं की महिनेन्‌महिने रिकामं. म्हणून दुकान घेताना भिंती बघायच्या नाहीत, समोरचा रस्ता बघायचा. माणसं पायी जातात का, थांबतात का. घरपट्टी, मेंटेनन्स, रंगरंगोटी, रिकामे महिने हे सगळं वजा करायचं आणि मग उरेल ते आपलं म्हणायचं. आणि भाडेकरू धंदा जाणणारा हवा. त्याचा धंदा चालला तर आपलं भाडं चालतं. बस्स, मग चावी द्यायची आणि विसरून जायचं. झोपेत पैसे येतात, काका!"

अमृतकाकांनी सगळं मनापासून ऐकलं आणि मनापासून केलं. डहाणू रोड स्टेशनपासून दोन गल्ल्या आत, भर उन्हात उभं राहून त्यांनी रस्त्यावरची माणसं पाहिली, शेजारची दुकानं पाहिली, आणि गाळा घेतला. फक्त ते शेवटचं वाक्य त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. झोपेत पैसे कसले येतात? झोपेत वटवाघळं येतात, हा त्यांचा अनुभव होता.

शिवाय थोरले भाऊ टपूनच होते. "जमीन विकून चार भिंती घेतल्यास," ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वर्षभर भाडेकरू टिकवून दाखव, मग बोल माझ्याशी." तेव्हा काहीही झालं तरी संगिता टिकली पाहिजे, एवढं अमृतकाकांनी मनाशी पक्कं केलं होतं.

आणि संगिता होतीच टिकण्यासारखी. तळासरीची मुलगी. तिची आई शुक्री जन्मभर दुसऱ्यांच्या वाड्यांत चिकू वेचत आली होती. संगिताने वापीच्या एका पार्लरमध्ये सहा वर्षं काम केलं, हात तयार केला, आणि आता स्वतःचं पार्लर टाकलं होतं. गुलाबी पडदा, दोन आरसे, फिरणारी खुर्ची, आणि दारावर ठळक पाटी : 'न्यू लुक ब्युटी पार्लर. फक्त महिलांसाठी.'

त्या 'फक्त महिलांसाठी'च्या बरोबर खाली अमृतकाकांनी आपली खुर्ची मांडली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते नरपडची एक नवी सून. ती पडद्याशी पोचायच्या आत काका उठून उभे राहिले. पाहुण्याला बसून बोलवायचं नसतं.

"ये बाळ, ये. पार्लरमध्ये आलीस ना? हेच ते. आमचाच गाळा आहे. तू नरपडच्या सुषमावहिनींची सून ना? लग्नाला जेवून गेलो आम्ही. सासूबाई बऱ्या आहेत? त्यांना सांगून आलीस ना?"

सुनेने वर पाटी पाहिली, खाली काका पाहिले, आणि शेजारच्या दुकानाकडे बोट केलं. "नाही काका, मी झेरॉक्स काढायला आलेले."

"हां, मग ते शेजारी. नविन शेठकडे."

अशा बऱ्याच जणी येऊ लागल्या. कोणी चिखल्याची, कोणी घोलवडची, कोणी डहाणूतल्याच आगरमधली. काकांना साऱ्यांची घरं ठाऊक. ते प्रत्येकीची आपुलकीने चौकशी करायचे, आणि प्रत्येकीला त्याच क्षणी झेरॉक्सची आठवण व्हायची. आलोच आहोत तर काहीतरी काढायला हवं, म्हणून बायका पर्समधलं आधार कार्ड काढून द्यायच्या. नविन शेठच्या मशीनला उसंत मिळेना. शेठना आधी आश्चर्य वाटलं, मग त्यांनी बारकाईने पाहिलं, आणि मग काकांना सकाळ-संध्याकाळ आल्याचा चहा सुरू केला.

"अमृतभाई, तुम्ही दुकान भाड्यानी दिला की वॉचमेनची नोकरी धरली?" त्यांनी हसत विचारलं.

"आपलं आपण बघायला नको का, शेठ?"

"बघायलाच पायजे! बघा, बघा. ऊन आला तर खुर्ची जरा इकडे माझ्या पत्र्याखाली घ्या. पण उठू नका हां."

संध्याकाळी हिरकणी यायची. गाळा रिकामा असो की भरलेला, आपल्या वास्तूत दिवेलागणीला दिवा लागलाच पाहिजे, हा तिचा नेम. ती पडदा बाजूला सारून आत जायची, कोपऱ्यात निरांजन लावायची, धूप घालायची आणि डोळे मिटून स्तोत्र म्हणायची. पार्लरच्या गर्दीची तीच वेळ. चेहऱ्याला लेप लावून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून पडलेल्या एका मास्तरीणबाईंना त्या सुवासाने आधी आपण देवळात आहोत असं वाटलं, आणि धूर नाकात गेल्यावर कुठेतरी आग लागली असं वाटलं. त्या लेपासकट रस्त्यावर आल्या. रस्त्यावर त्यांच्याच वर्गातली दोन मुलं पाणीपुरी खात उभी होती.

"संगिता, आज कात्री चालवू नकोस हं," हिरकणी जाता जाता हळूच सांगायची. "आज सोमवार. शंकराचा वार."

"बरं काकी."

गुरुवारी दत्ताचा वार निघाला. शनिवारी मारुतीचा. मध्येच एकादशी आली, संकष्टी आली, अमावस्या तर येणारच.

"मग काकी, केस कापायचे कधी?"

"मंगळवारी..." हिरकणीने विचार केला. "नाही गं, मंगळवार देवीचा असतो. बुधवारी काप. बुधवारी अगदी मोकळ्या मनाने काप."

तिच्या आवाजात इतकी माया असायची की संगिताला नाही म्हणवेना. पण बुधवारपर्यंत थांबायला गिऱ्हाइकांना काय पडलंय? त्या बायका मंगळवारीच दुसरीकडे जाऊन केस कापून यायच्या.

संगिताने आपल्या परीने उपाय केले नाहीत असं नाही. "काका, इथे गाड्यांचा धूर किती येतो. तुम्ही घरी आराम करा ना," असं ती म्हणून पाहायची. "लेकीच्या दुकानात कसला त्रास?" असं म्हणून काका आणखी ऐसपैस बसायचे. एकदा तिने खुर्चीच्या जागी शोभेच्या झाडाची मोठी कुंडी आणून ठेवली. दुपारी येऊन बघते तर काकांनी कुंडीला पाणी घातलं होतं, माती भुसभुशीत केली होती, आणि खुर्ची कुंडीच्या सावलीत, म्हणजे दाराच्या आणखी जवळ सरकवली होती.

दुसऱ्या महिन्याचं भाडं उशिरा आलं. संगिता खाली मान घालून म्हणाली, "काका, जरा मंदी आहे."

अमृतकाका काळजीत पडले. त्यांनी हे वाडीत पाहिलं होतं. फूल येतं, पण फळ धरत नाही. अशा वेळी मालकाने काय करायचं? राखण वाढवायची! ते पहिल्या रिक्षाने येऊ लागले आणि शेवटच्या रिक्षाने जाऊ लागले. दाराशी झाडलोट करू लागले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की खरी पीडा वर आहे. पाटीवर कबुतरं बसत होती आणि खाली दारात घाण करत होती. सापडलं, असं काका मनात म्हणाले. अशा दारात कोणती लक्ष्मी येईल?

वाडीतल्या वटवाघळांवरचा उपाय हाताशी होता. त्यांनी घरून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला, त्यात गोटे घातले, पाटीच्या मागच्या खिळ्याला टांगला आणि दोरीचं टोक खुर्चीच्या हाताला बांधलं. कबुतर बसलं की दोरी ओढायची. डबा असा काही खडखडायचा की कबुतरं पार स्टेशनच्या छपरावर जाऊन बसायची. नविन शेठच्या हातून पहिल्यांदा कागदांचा गठ्ठाच पडला. मग त्यांनी कानात कापूस घातला.

त्याच आठवड्यात दीपेशची बायको विनिता पार्लरमध्ये आली. दुसऱ्या दिवशी तिच्या सख्ख्या भावाचं लग्न होतं, चातुर्मास लागायच्या आतला शेवटचा मुहूर्त. तिला पाहून काकांना भरून आलं. घरची सून आपल्या गाळ्यात गिऱ्हाईक म्हणून आली! त्यांनी तिला काहीही न विचारता आत सोडलं, पडदा नीट ओढून घेतला आणि आज एकही कबुतर बसू द्यायचं नाही असं ठरवून दोरी हातात घेतली.

आत संगिता भुवया कोरत होती. दातात दोरा, दोन्ही हातात दोरा, विनिताचे डोळे मिटलेले. बाहेर एक भलं थोरलं कबुतर पाटीवर उतरलं. काकांनी सगळा जीव लावून दोरी खेचली.

डब्याचा आवाज झाला. मग आतून किंकाळी आली.

पडदा सरला तेव्हा विनिता एका हाताने उजवा डोळा झाकून उभी होती. हात काढला तर भुवई निम्म्यावर येऊन थांबलेली.

"काका!" ती ओरडली. "उद्या माझ्या भावाचं लग्न आहे! फोटोत मी कशी दिसणार?"

"डाव्या अंगाने उभी राहा," काका घाबरून म्हणाले. "तिकडची छान झालीये."

दीपेश बोईसरहून अर्धी रजा टाकून आला. त्याने बायकोची भुवई पाहिली, वर टांगलेला डबा पाहिला, खुर्ची, दोरी आणि पाटी पाहिली.

"काका, हे काय आहे?"

"राखण," काका म्हणाले. "कबुतरं फार झाली होती."

"आणि तुम्ही रोज इथे बसता?"

"दिवसभर. तरी मंदी आहे बघ."

"मंदी नाहीये!" विनिता उसळली. "काका, बायका तुम्हाला बघून परत जातात. घोलवडच्या बाया मला सांगतात, पार्लरला गेलो आणि आधारच्या कॉप्या घेऊन आलो. एकेकीकडे गठ्ठे पडलेत गठ्ठे! वाटेत सासूबाईंची चौकशी केल्यावर कोण जाणार आहे आयब्रो करायला?"

अमृतकाकांनी नविन शेठकडे पाहिलं. शेठ एकदम मशीनमध्ये कागद भरायला वाकले.

तेवढ्यात संगिता आतून आली. तिने डोळे पुसलेले होते. चावी तिने काकांच्या हातात दिली नाही, मान राखून खुर्चीवर ठेवली.

"काका, रागावू नका. तुम्ही आणि काकी मला लेकीसारखं बघता, माझी आईपण सांगते असे मालक मिळत नाहीत. पण तळासरीला हायवेजवळ एक गाळा मिळतोय. मी जाते तिकडे."

"तो मालक चांगला आहे का?" काकांनी विचारलं.

"मला माहीत नाही. तो सुरतला राहतो. कधी येत नाही म्हणाला." संगिताने खाली बघितलं. "मला तेवढंच पाहिजे, काका."

त्या दिवशी घरी कोणी जेवलं नाही. थोरल्या भावाचा हसरा चेहरा अमृतकाकांना भाताच्या ताटातही दिसू लागला. पण त्याहून एक गोष्ट त्यांना जास्त लागली होती.

"मी वटवाघळं हाकलत होतो ना गं?" ते हिरकणीला म्हणाले. "इथे वटवाघूळ मीच निघालो."

"एकटे नाही तुम्ही. मीपण होतेच की, धूप घेऊन," हिरकणी म्हणाली. देवाला दोष द्यायचा तिचा स्वभाव नव्हता आणि वारांनाही ती दोष देईना, पण आपली पूजा आपल्या घरी करायची असते, एवढं तिला त्या लेप लावलेल्या मास्तरीणबाई आठवून कळलं होतं.

"मी उद्यापासून जाणारच नाही," काका म्हणाले.

हिरकणी नुसती हसली. चहात साखर घ्यायची नाही, असं तिने काकांच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. नुसत्या निश्चयाने हा माणूस थांबायचा नाही. पण देवापुढे पाणी सोडलेलं त्यांनी कधी मोडलं नव्हतं.

"परवा आषाढी एकादशी," ती म्हणाली. "चातुर्मास लागतो. लोक वांगं सोडतात, कांदा सोडतात, कोणी गादीवर झोपणं सोडतं. आपण गाळा सोडू."

"गाळा?"

"कार्तिकीपर्यंत गाळ्याची पायरी चढायची नाही. तुम्ही नाही, मी नाही. व्रत म्हणून."

काकांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "सोपं कायतरी सांग ना. मीठ सोडतो."

"मिठाने संगिता थांबणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी हिरकणी तळासरीला जाऊन संगिताला आणि शुक्रीला भेटली. "चार महिने थांब," ती म्हणाली. "भाड्याची घाई नाही. आम्ही फिरकणार नाही, आमचं व्रत आहे. कार्तिकीनंतरही जावंसं वाटलं तर मी स्वतः तुझं सामान भरून देईन." संगिताने आईकडे पाहिलं. शुक्रीने मान हलवली. व्रताचं माणूस खोटं बोलत नाही, असं तिला वाटलं.

एकादशीला दोघांनी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. आणि मग अमृतकाकांचा खरा चातुर्मास सुरू झाला.

पहिले काही दिवस ते वाडीतल्या झाडांना इतकं पाणी घालू लागले की हिरकणीला वर आभाळाकडे बोट दाखवावं लागलं. पाऊस पडत होता. मग ते बी-बियाणं आणायला म्हणून डहाणूला जाऊ लागले. व्रत मोडलं नाही, पण स्टेशनच्या पुलावर एका ठरावीक जागी उभं राहिलं की पाटीचा 'न्यू लुक' एवढा भाग दिसतो, हे त्यांनी शोधून काढलं. हिरकणीला ते कळायला वेळ लागला नाही.

"वांगं सोडलेला माणूस भाजीवाल्याकडे जाऊन वांगी कुरवाळत बसतो का?" तिने विचारलं.

पूल सुटला. मग फोन सुरू झाला. काका सकाळी पडवीत जाऊन नविन शेठना फोन लावायचे.

"शेठ, तिकडे पाऊस कसा आहे?"

"पाऊस काय, आहे. तुम्ही कधी येता, अमृतभाई? मशीन अगदी थंड पडली."

"आणि... शेजारी दाराबाहेर छत्र्या किती आहेत?"

शेठ डोकावून सांगायचे. आधी एखादी असायची. श्रावणात बऱ्याच दिसू लागल्या. गणपतीच्या आधी तर शेठनी वैतागून सांगितलं की छत्र्यांचं पाणी आपल्या दुकानात येतंय. ते ऐकून काकांनी वाडीतल्या एका झाडाला मिठी मारली, असं मोलकरीण सांगत होती.

हिरकणीचंही सोपं नव्हतं. दिवेलागण झाली की तिचा जीव तिकडे ओढ घ्यायचा. मग तिने देव्हाऱ्यात गाळ्याच्या नावाची एक निराळी वात लावायला सुरुवात केली. दिवा इथे लावला तरी त्याचं पुण्य तिथे पोचतं, अशी तिची श्रद्धा होती, आणि भाडं वेळेवर येऊ लागल्यावर तर खात्रीच झाली.

कार्तिकी आली. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, घरी उद्यापन ठेवलं. दीपेश आणि विनिता आले. विनिताची भुवई आता चांगली भरली होती, पण भावाच्या लग्नाच्या साऱ्या फोटोंत ती डाव्या अंगानेच उभी होती. हिरकणीने संगितालाही जेवायला बोलावलं होतं. ती आली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होणार. नवऱ्या मुलींच्या मेकअपची कामं तिने घेतलेली होती. आणि नेमकं आज व्रत सुटत होतं. तळासरीचा मालक सुरतहून फोन करकरून विचारत होता, त्याला आज उत्तर द्यायचं होतं.

गुरुजींनी पूजा सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आता जी वस्तू सोडली होती, ती आधी दान करायची आणि मग स्वतः घ्यायची. वांगं सोडलं असेल तर वांगं द्या, मीठ सोडलं असेल तर मीठ. तुम्ही काय सोडलं होतं?"

"गाळा," काका म्हणाले.

"गरा? फणसाचा?"

"गाळा. दुकानाचा. डहाणूला, स्टेशनजवळ."

गुरुजींनी पोथी मिटून मांडीवर ठेवली. अमृतकाकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी आयुष्यात व्रत मोडलं नव्हतं, आणि खाडीकडचा तुकडा विकून घेतलेला तो गाळा आता दर्भ आणि तुळशीपत्रावर जाताना त्यांना स्पष्ट दिसत होता.

"दीपेश," ते हलक्या आवाजात म्हणाले, "हे तू सांगितलं नव्हतंस. वजा करायच्या गोष्टींत."

"गुरुजी," हिरकणी शांतपणे म्हणाली, "आम्ही गाळा कुठे सोडला होता? गाळा तर आमच्याकडेच होता, भाडंसुद्धा घेत होतो. यांनी सोडलं ते तिथलं बसणं. मग तेच दान करायचं ना?"

गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला. "बरोबर आहे. मला तरी गाळा घेऊन काय करायचंय? मेंटेनन्स कोण भरणार? बसणं द्या. पण ते ज्याच्या कामाचं असेल त्याला द्या."

सगळ्यांच्या नजरा संगिताकडे वळल्या. तिला काही कळायच्या आत हिरकणीने तिला पाटावर बसवलं. अमृतकाकांनी हातावर तुळशीपत्र घेतलं, पाणी घेतलं.

"गाळ्याच्या दारातलं माझं बसणं," ते म्हणाले, "तुला दिलं, पोरी."

"आणि माझं तिथलं वार पाळणं," हिरकणी म्हणाली. "कात्री कधीही चालव."

पाणी संगिताच्या ओंजळीत पडलं. तिने ते डोळ्यांना लावलं. मग काहीतरी आठवून विचारलं, "काकी, दान दिलेलं परत घेता येतं का?"

"छे गं. मोठं पाप."

"म्हणजे काका आता कधीच तिथे बसणार नाहीत?"

"कधीच नाही."

संगिताच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ती उठली, पडवीच्या कडेला जाऊन फोन लावला आणि तळासरीच्या गाळ्याला नको म्हणून सांगून टाकलं. दीपेशने काकांच्या पाठीवर थाप मारली. पण काका खांबाला टेकून असे बसले होते, जणू कोणी त्यांची वाडीच तोडून नेली होती.

पानं वाढली. काका पुरणपोळी कोरत बसले होते. संगिता त्यांच्याकडे अधूनमधून बघत होती. शेवटी ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"काका, ते बसणं आता माझं झालं ना?"

"तुझंच."

"मग मी ते कोणाला भाड्याने देऊ शकते?"

दीपेशने तोंड उघडलं, पण विनिताने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

"रविवारी गर्दी असते," संगिता म्हणाली. "बायकांचे नवरे बाहेर उभे राहतात. दहा दहा मिनिटांनी फोन करतात, गाडीचा हॉर्न वाजवतात. मग बाया अर्ध्यावर उठून जातात. त्यांना कोणीतरी धरून ठेवायला पाहिजे. पाऊसपाणी बोला, चिकू बोला, काहीही बोला. आत फक्त आवाज नाही आला पाहिजे. रविवारपुरतं तुम्हाला देते. अकरा महिने. नीट चाललं तर पुढे बघू."

"आणि भाडं?" काकांनी पान बाजूला सारलं.

"बायकांशी बोलायचं नाही, एवढंच."

काकांनी हिरकणीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. दान परत घेणं पाप होतं, पण भाड्याने घ्यायला कुठेच मनाई सांगितलेली नव्हती.

"आणखी एक," संगिता हसू दाबत म्हणाली. "आता मालकीण मी आहे. मी मधूनमधून बाहेर येऊन बघणार हं, तुम्ही नीट बसलात की नाही."

अमृतकाका सरळ होऊन बसले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांच्याशी समजुतीचं बोललं होतं.

"यायलाच पाहिजे!" ते कळकळीने म्हणाले. "नुसतं भाड्याने द्यायचं आणि घरी जाऊन झोपायचं, ही काय रीत झाली?"